मीटरवर विश्वास ठेवला आणि दुपार गेली

आज गाडी चालू ठेवून बॅटरीला मल्टिमीटर लावला, तर आकडा 16.8 व्होल्ट! पोटात गोळाच आला. चार्जिंग साधारण 13.8 ते 14.7 च्या दरम्यान हवं. सतत 15 च्या वर राहिलं की बॅटरीतलं पाणी उडायला लागतं, बल्ब जातात, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) धास्ती वेगळीच. चार्जिंगचा व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला, असा निकाल मी देऊनही टाकला आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काढायला पाना घेतला.

अल्टरनेटरचा पट्टा सैल करून झाल्यावर सहज पुन्हा मोजलं. इंजिन बंद होऊन तासभर झालेला, तरी 14.5! आता हे कसं शक्य आहे? नुसती पडून असलेली चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. म्हणजे खोटं बोलत होता तो मीटर. त्याचा आतला 9 व्होल्टचा सेल उतरला होता, आणि सेल उतरला की बरेच मीटर आकडा फुगवून सांगतात. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह केव्हापासून दिसत होतं, पण बघतो कोण!

नवा सेल घातला. बंद गाडीला 12.6. पट्टा परत ताणून गाडी सुरू केल्यावर 14.6.

तो पट्टा ताणताना बोटांची सालं निघाली ती वेगळीच.