पांढरी पाच, जराशी चढी

सांगलीत माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. घरी जाऊन कामं मी सहसा घेत नाही. पण मिरजेहून पेटीच्या सरांचा फोन आला आणि नाही म्हणवेना. "अहो, रेकॉर्डचं मशीन बिघडलंय की माझे कान, एवढंच सांगून जा." वय अठ्ठ्याहत्तर. कानांची तपासणीही करून आले होते.

झालं असं, की मे महिन्यात मुलानं नवा फोनो प्रीअँप (तबकडीच्या सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा डबा) आणला, स्वतःच जोडला आणि सुट्टी संपवून परत गेला. तेव्हापासून म्हणे सगळे गवई रजईखालून गातायत. डग्गा घुमतो, आणि तार षड्जावर आवाज फाटतो. कोणीतरी सुई गेली म्हणून सांगितलं, तर नवी सुईही घेऊन झाली. (सुई बदलणं सोपं असतं. टेबल पुढे ओढून मागे वाकून बघणं आमच्या धंद्यातही पुष्कळांना नको असतं.)

मी बॅटरी घेऊन वाकलो. टर्नटेबलच्या पिना प्रीअँपमध्ये, ते बरोबर. पण प्रीअँपमधून निघालेल्या पिना अँप्लिफायरच्या 'फोनो'त खोचलेल्या. नाव बघून जोडलं असणार, आणि त्यात मुलाची चूक तरी काय! जुन्या अँप्लिफायरच्या पोटात फोनोचा प्रीअँप आधीपासूनच असतो, हे त्याला कोण सांगणार?

सरांना पेटीच्या भाषेत सांगितलं. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच फार रुंद होते. आणि वरचे सूर चढवतात, म्हणजे खरखर त्याखाली झाकली जाते. वाजवताना प्रीअँपनं हे बरोबर उलटं करायचं. 20 हर्ट्झच्या खर्जाला सुमारे दहापट वर, 20,000 च्या तीव्र सुराला तितकंच खाली. हे 1954 पासून ठरलेलं आहे. तुमच्याकडे ते दोनदा होतंय. शिवाय सुईकडून येतात जेमतेम 4-5 मिलिव्होल्ट, प्रीअँप त्याचे शंभरपट करतो, आणि ते पुन्हा सुईसाठी केलेल्या नाजूक भोकात. फाटणारच.

पिना 'ऑक्स'मध्ये, म्हणजे आत प्रीअँप नसलेल्या साध्या भोकांत घातल्या. रजई गेली. सर काही बोलले नाहीत. डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "हे ठीक. पण मागे पांढरी पाच वाजतेय. जराशी चढी."

मला काही कळेना. त्यांनी पेटी ओढली, पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, खर्जात धरली. खरंच, स्पीकरमध्ये तोच सूर होता, केसभर वर. मोबाईलवर बघितलं: त्या पट्टीचा खालचा सूर 49 हर्ट्झ. आणि आपली वीज 50! सत्तावीस वर्षं स्पीकरमधल्या ज्या घुमघुमीला मी 'हम' म्हणत आलो, त्याची पट्टी मला त्या दिवशी कळली.

आर्मला, म्हणजे सुईच्या दांडीला, बोट लावलं तर हम कमी झाला, म्हणजे अर्थिंग सुटलेलं. टर्नटेबलची ती बारीक काळी वायर टेबलामागे मोकळीच लोंबत होती. टोकाचा चिमटा तुटलेला. इन्सुलेशन सोलून तांबं प्रीअँपच्या मागच्या स्क्रूखाली आवळलं. सरांनी पुन्हा पांढरी पाच धरली, कान स्पीकरकडे नेला, मग भाता सोडला.

"गेली."

डाव्या स्पीकरमध्ये मधूनच खरखर होती. हेडशेलच्या (दांडीच्या टोकाला सुई बसते त्या भागाच्या) चार पिना पेन्सिलच्या खोडरबरानं घासल्या, तीही गेली. सुईचा भार नव्या सुईप्रमाणे पावणेदोन ग्रॅमवर आणला.

पार्ट एकही लागला नव्हता, त्यामुळे पैसे किती सांगावेत ते सुचेना. सरांनी चहा टाकला आणि तेवढ्यात तबकडीची तीच बाजू पहिल्यापासून लावली. मी निघताना अँप्लिफायरच्या फोनोच्या दोन्ही भोकांवर काळी टेप चिकटवली. मुलगा दिवाळीत येतोय.