३५ मिमी व १६ मिमी

ऑगस्ट २०२५ मधला शनिवार. पुण्यात सकाळपासून झिमझिम. माझं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून वयस्कर अशील आले की मीच खाली उतरते. उतरले तर आजी छत्री मिटत होत्या आणि मुलाच्या हातात पत्र्याची ट्रंक.

आजींच्या यजमानांनी १९८० साली एक मराठी चित्रपट काढला होता. निर्माते तेच, दिग्दर्शकही तेच. चालला बेताचाच. पुढं केबलवर अधूनमधून दुपारचा लागायचा. आता एका ओटीटीवाल्यांनी विचारणा केली होती आणि लिंक डॉक्युमेंट्स मागितली होती. म्हणजे निर्मात्यापासून आजच्या मालकापर्यंत हक्क कसे आले, त्याची कागदांची साखळी. जमिनीचे फेरफार काढतात तसंच. पण सिनेमाला सातबारा नसतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे मालक कोण हे कुठल्या तलाठ्याला विचारता येत नाही. जे काही असतं ते असल्याच ट्रंकांमध्ये.

मुलगा तयारीनं आला होता. “मॅडम, बाबांनी १९८२ मध्ये वितरकाला हक्क दिले, पण करारात मुदतच लिहिलेली नाही. मुदत नसेल तर पाच वर्षंच धरतात. कॉपीराइट कायदा, कलम १९, पोटकलम ५.”

बरोबर वाचलं होतं त्यानं. फक्त दोन पोटकलमं आधीच थांबला होता. सातव्यात म्हटलंय की १९९४ ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना हा नियम नाही. ती लागू झाली मे १९९५ मध्ये. त्याचा चेहरा पडला. असं सांगायची वेळ महिन्यातून एकदा तरी येते आणि दर वेळी मला घोटभर पाणी प्यावं लागतं.

मग मी तो करार पहिल्यापासून वाचायला घेतला. दहा रुपयांचा स्टॅम्प पेपर, मागं कार्बन कॉपीची तीन पानं, टाचणीच्या जागी गंजाचा डाग. (कोर्टात दाखवायची वेळ आली तर कमी पडलेली स्टॅम्प ड्युटी आणि वर दंड, हेही मनात मांडून ठेवलं.) दुसऱ्या पानावर कलम चार होतं: ‘सदर चित्रपट मुंबई सर्किट व निजाम टेरिटरीमध्ये ३५ मिमी व १६ मिमी स्वरूपात चित्रपटगृहांतून व तंबूंतून दाखविण्याचे हक्क.’

“निजाम?” मुलानं विचारलं.

“मराठवाडा त्यात यायचा,” आजी म्हणाल्या. “नि १६ मिमी जत्रेतल्या तंबूंसाठी.” संस्थान १९४८ मध्ये खालसा झालं, पण सिनेमाच्या धंद्यात निजाम अजून नांदतोय.

मी ते कलम तीनदा वाचलं. टीव्ही नाही, व्हिडिओ नाही, ‘जगभर’ नाही. ‘निगेटिव्ह हक्क’, म्हणजे अख्खा चित्रपटच विकला असं सांगणारा शब्दही नाही. हल्लीच्या करारांत अख्ख्या ब्रह्मांडाचे हक्क लिहून घेतात, कोण जाणे मंगळावर कधी थिएटर निघेल! आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तसं मोघम लिहूनही भागत नाही. करार करताना जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचा करारात नेमका उल्लेख लागतो. १९८२ च्या टायपिस्टला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तेच आजींच्या पथ्यावर पडलं. दिलं ते दोन टेरिटरींतलं पडद्यावरचं प्रदर्शन. बाकी सगळं घरातच राहिलं, कॉपीराइटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०४० च्या डिसेंबरअखेरपर्यंत.

“मग केबलवर कोण लावत होतं?”

“वितरकाचे वारस.” आजींनी शांतपणे सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्याच सुमारास ‘रांझणा’चा वाद गाजत होता. २०१३ चा हिंदी चित्रपट तमिळमध्ये पुन्हा लावताना निर्मात्या कंपनीनं एआय वापरून शेवट बदलला, दिग्दर्शक आनंद राय यांनी जाहीर विरोध केला. आपल्या कायद्यात चित्रपटाचा ‘लेखक’, म्हणजे ज्याच्याकडे मुळात हक्क असतात तो, निर्माता. दिग्दर्शकाचं त्यात नावच नाही. मला हे कधीच पटलेलं नाही, पण पुस्तकात आहे ते आहे. आजींना म्हटलं, आजोबा नुसते दिग्दर्शक असते तर ही ट्रंक उघडून काही उपयोग नव्हता.

“कुणी दिलं असतं त्यांना दिग्दर्शन?” आजी म्हणाल्या. “माझ्या पाटल्या मोडल्या तेव्हा निर्माते झाले.”

ट्रंकेच्या तळाशी दोन गोल डबे होते. मुलानं एकाचं झाकण नाण्यानं उचकटलं आणि खोलीभर आंबट वास पसरला, व्हिनेगर सांडल्यासारखा. ॲसिटेटची फिल्म सडली की असाच येतो. रीळ वळकटीसारखं चिकटून बसलं होतं. निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये होती ती कधीच बंद पडलेली. वितरकाच्या घरी टेप असणार, हक्क नाही. इथं हक्क होता, चित्रपट नव्हता. लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एखादी प्रिंट निघाली तर निघाली. त्यांना द्यायचं पत्र मी तिथंच टाइप करायला घेतलं.

“खाली वारस म्हणून कोणाकोणाची नावं?”

“आई आणि मी.”

“आणखी कोणी भावंडं?”

मुलगा डब्याचं झाकण लावत बसला. लागेना.

“एक बहीण आहे याला,” आजी म्हणाल्या. “सहा वर्षं झाली, बोलत नाहीत. तिची सही लागेल?”

“लागेल.”

आजींनी पिशवीतून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नंबर शोधायला लागल्या.