तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा बग टेस्टिंगमध्ये दिसला कसा नाही?

मोठा ओपन वर्ल्ड, म्हणजे नकाशावर हवं तिकडे फिरू देणारा, गेम आला की आम्हा टेस्टर मंडळींना हा प्रश्न ठरलेला. घोडा छपरावर उभा, माणसं कमरेपर्यंत जमिनीत रुतलेली, आणि वर सवाल: हे कुणी तपासलंच नाही का?

तपासलं होतं. घोडा बहुतेक वेळा आम्हाला आधीच दिसलेला असतो. त्याची नोंद असते, बग पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या आणि व्हिडिओ जोडलेला असतो, आणि शेवटी ‘या रिलीजमध्ये नाही’ असा शेरा असतो. क्रॅश, बिघडलेली सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) आणि अडकलेली मुख्य क्वेस्ट (गेममधली कामगिरी) यांचा नंबर आधी लागतो.

न दिसणारे बग वेगळे असतात. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला. पीसीवर सेव्ह फाइल ८ एमबीच्या वर गेली की बिघडायची आणि पुन्हा उघडायचीच नाही. फटका बसला तो भरपूर सामान आणि क्राफ्टिंगचं, म्हणजे वस्तू बनवायचं, साहित्य साठवणाऱ्यांना. सुरुवातीला सल्ला काय मिळाला, तर सामान कमी बाळगा. २३ डिसेंबरच्या १.०६ हॉटफिक्सने (तातडीच्या दुरुस्तीने) ती मर्यादा काढली, पण आधी बिघडलेल्या फाइली गेल्या त्या गेल्याच. ज्याने सगळ्यात मन लावून खेळ खेळला, नेमकं त्याचंच नुकसान. याचा मला आजही राग येतो.

असे बग निसटतात कसे? सेव्हमध्ये अख्खं जग नसतं, मूळ जगात तुम्ही केलेले बदल असतात: उचललेली वस्तू, उघडलेलं दार, क्वेस्टचा टप्पा. म्हणून ती तासागणिक फुगत जाते. टेस्टर मात्र क्वेस्ट तपासताना डीबग मेनूतून (फक्त टेस्टिंगसाठी असलेल्या मेनूतून) पात्र थेट तिथे टेलिपोर्ट करतो, लेव्हल वाढवतो, लागेल तेवढंच हत्यार घेतो. बॅग जवळपास रिकामी. त्यात रोज नवं बिल्ड (गेमची ताजी आवृत्ती) येतं आणि सेव्हचा फॉरमॅट बदलला की जुन्या सेव्ह बाद. साठ तासांची खरी सेव्ह करायची तर रोज आठ तास खेळून साडेसात दिवस लागतात, आणि तेवढा वेळ बिल्ड जागचं हलायला नको. शेवटच्या महिन्यात ते तासातासाला हलतं. रात्रभर नकाशावर आपोआप फिरणारे बॉट क्रॅश आणि मेमरी लीक (वापरून झालेली मेमरी न सोडणं) पकडतात. सांगितल्याशिवाय भंगार गोळा करत नाहीत.

ही सबब आहे, असं तुम्ही म्हणाल. अर्धी आहेच. हजारो वस्तूंनी बॅग भरणारी स्क्रिप्ट लिहायला फार वेळ लागत नाही. आणि मर्यादा असली की तिच्या अलीकडे, नेमकं तिच्यावर आणि पलीकडे तपासायचं, हा आमच्या कामाचा पहिला धडा. पण ती मर्यादा टेस्टरला माहीत तर हवी! कन्सोलच्या सर्टिफिकेशनवरही, म्हणजे कन्सोल कंपनीच्या रिलीजआधीच्या मंजुरीवरही, विसंबू नका. गेम कन्सोलच्या नियमांत बसतो का, एवढंच तिथे पाहतात. प्रत्येक क्वेस्ट पूर्ण होते का, हे नाही.

‘मग तारीख पुढे ढकला’ हे पूर्वी माझंही ठाम उत्तर होतं. पण ‘सायबरपंक’च २०२० मध्ये तीनदा पुढे गेला होता: एप्रिलवरून सप्टेंबर, मग नोव्हेंबर, मग डिसेंबर. तरीही सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला आणि थेट जून २०२१ मध्ये परत घेतला. मिळालेल्या वेळात बदल चालूच राहिले, तर प्रत्येक बदलामागे नवं बिल्ड आणि तासांचा हिशोब पुन्हा शून्यावर.

म्हणून माझा आग्रह वेगळा आहे. शेवटचे सहा आठवडे सेव्हचा फॉरमॅट गोठवा, फक्त खेळ अडवणारे बग सुधारा आणि काही लोकांना कसलाही डीबग मेनू न देता सुरुवातीपासून खेळू द्या. यावर प्रोड्युसर म्हणतात की त्याच सहा आठवड्यांत क्वेस्टमधले शेकडो बग सुधारले जातात, ते तसेच सोडायचे का? त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. तोवर तुम्ही ऑटोसेव्हवर विसंबू नका. चार-पाच वेगळ्या मॅन्युअल सेव्ह आळीपाळीने ठेवा.