स्टारवालं घर

डिसेंबर लागला की आमच्या घराचा पत्ता सोपा व्हायचा. नागपुरात, नंदनवनमधल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. बाबा पहिल्याच आठवड्यात सदरहून कागदाचा स्टार आणायचे, आत पिवळा बल्ब सोडायचे आणि गच्चीच्या कठड्याला बांधायचे. मग महिनाभर ऑटोवाल्याला, सिलेंडरवाल्याला, कुरियरच्या पोट्ट्याला फोनवर एवढंच सांगायचं, "गल्लीत शिरले की सरळ या, स्टारवालं घर." जानेवारीत स्टार उतरला तरी नाव तसंच राहायचं. आजही आईला भाजीवाला "स्टारवाल्या बाई" म्हणतो.

जर्मनीत लाइपझिगला आले त्या पहिल्या वर्षी एक मैत्रीण घरी यायची होती. तिला सवयीने सांगून बसले, खिडकीत स्टार दिसेल तेच घर. अर्ध्या तासाने तिचा फोन आला, "बाई, खाली येऊन घेऊन जा मला." खाली उतरून पाहिलं तर समोरच्या चार मजली इमारतीत स्टार नसलेली खिडकी शोधावी लागत होती. हे सॅक्सनी राज्य. ज्या हेर्नहूट गावाच्या नावाने हे टोकदार स्टार ओळखले जातात ते गाव याच राज्यातलं. स्टार नसेल तिथे लाकडी कमानीवर मेणबत्त्यांसारखे दिवे. मला वाटलं, वा, आलो बाबा आपल्या माणसांत! शेजारच्या आजोबांना उत्साहाने विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? ते म्हणाले, "चर्चला? मी नास्तिक आहे. पण डिसेंबर आहे ना."

घरी फोनवर हे सांगितलं तर आईला पटेना. नागपुरातल्या बहुतेकांच्या डोक्यात युरोप म्हणजे ख्रिश्चनांचा देश. मी जर्मनीला निघाले तेव्हा गल्लीतल्या काकूही म्हणाल्या होत्या, "चला, तुला आता तुझ्या लोकांत बरं वाटेल." तर काकू, हिशोब असा आहे. जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन मोठ्या चर्चचे सभासद 2022 पासून लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी झाले. त्यातही लाइपझिग पूर्वेकडचं, चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवटीत काढलेलं. इथे बहुतेक लोक कुठल्याच चर्चचे नाहीत. ज्या थोमास चर्चमध्ये संगीतकार बाख 1723 पासून मरेपर्यंत संगीत सांभाळत होता तिथे आज संगीत ऐकायला येणारी गर्दी मोठी, उपासनेला येणारी त्या मानाने किती ते विचारू नका.

गंमत रविवारची. नागपुरात रविवार म्हणजे आमची कसरत. शिकवणीची टेस्ट रविवारी, गल्लीतली मॅच रविवारी, मैत्रिणीचा वाढदिवस रविवारी सकाळी पोह्यांसकट. आणि आम्ही चौघं स्कूटरवर कोंबून सीताबर्डीवरून सदरच्या चर्चला, इस्त्रीचे कपडे घालून. दहावीच्या वर्षी शिकवणीच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमचा देव फक्त रविवारीच ऑफिस उघडतो का?" सगळे हसले, मीही हसले. रडले नंतर, संडास बंद करून. इथे उलट. रविवारी कायद्यानेच दुकानं बंद. अंडी संपली तर संपली, सोमवारपर्यंत थांबा. मोकळाच मोकळा रविवार, आणि त्या दिवशी चर्चला जाणारी बाई आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मी एकटी. तेही ड्युटी नसेल तर.

मी नर्स आहे. बी-टू पातळीची जर्मन, कागदपत्रांची मान्यता, तो सगळा छळ मागे एकदा लिहिलाय, पुन्हा नको. आज सांगायचं ते पत्ता नोंदणीच्या कार्यालयातलं. इथे घर घेतलं की जाऊन नाव नोंदवायचं. त्या अर्जात एक रकाना असतो, धर्म. माझ्या आधी आलेल्या, दुसऱ्या वॉर्डातल्या केरळच्या नर्सने, तीही पक्की चर्चला जाणारी, बजावून ठेवलं होतं, "तिथे काही लिहू नकोस. लिहिलंस की पगारातून कापतात." खरंच कापतात. त्याला चर्चकर म्हणतात. आयकराच्या 9 टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8. म्हणजे महिन्याला 500 युरो आयकर जात असेल तर वर आणखी 45 युरो. हे सरकारच वसूल करून चर्चला देतं. सुरुवातीच्या पगारात 45 युरो म्हणजे आठवड्याचं वाणसामान, शिवाय घरी पैसे पाठवायचे असतात ते वेगळेच.

अर्ज हातात घेऊन बाकावर बसले होते. शाळेत, कॉलेजात, जातीच्या दाखल्याच्या रांगेत, कितीदा हा रकाना भरला असेल. "ख्रिश्चन" लिहिलं की खिडकीपलीकडचा बाबू मान वर करून एकदा चेहरा बघायचा, मग आडनाव परत वाचायचा. आडनाव आमचं चांगलं मराठी, त्याची जरा पंचाईत व्हायची. तरी तिथे कधी खोटं लिहायचं मनात आलं नाही. लिहून उपयोगच काय, सगळ्या गल्लीला ठाऊक. इथे कोणालाच काही ठाऊक नव्हतं. कोणी विचारणार नव्हतं. रकाना रिकामा सोडला असता तर आकाश कोसळणार नव्हतं, 45 युरो तेवढे वाचणार होते. इतक्या सोप्या परीक्षेची तयारी आमच्या संडे स्कूलने करून घेतलेली नव्हती. तिथे सगळं बायबलातल्या सिंहांच्या गुहेचं आणि अग्नीच्या भट्टीचं, जिवावर बेतणाऱ्या परीक्षांचं.

लिहिलं शेवटी. तर खिडकीतल्या बाईंचा पुढचा प्रश्न, "कॅथलिक की इव्हँगेलिश?" इव्हँगेलिश म्हणजे इथले प्रोटेस्टंट. मी म्हटलं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. त्यांच्या संगणकात ते नव्हतं. आता यांना काय सांगू? की 29 नोव्हेंबर 1970 ला माझ्याच गावात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा निरनिराळी चर्चेस एक झाली, आणि आमची आजी त्या दिवशी नवी साडी नेसून तिथे होती? की आमचं घराणं मूळ स्कॉटिश मिशनचं, 1845 मध्ये नागपुरात काम सुरू करणाऱ्या त्या स्टीफन हिस्लॉपच्या परंपरेतलं, ज्याच्या नावाच्या कॉलेजात अर्धं नागपूर शिकलं? बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी म्हटलं, इव्हँगेलिश. त्यांनी "ईव्ही" अशी दोन अक्षरं टाइप केली आणि आजीच्या साडीसकट सगळं त्यात बसलं.

आईला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ हिशोब करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पगाराचे नाही, टॅक्सचे 9 टक्के? अवं, दशमांश तर पगाराचा 10 टक्के असते. स्वस्तात सुटली की तू!"

पण रकाना भरून माणूस वेगळा होत नाही. नागपुरात आमचं वेगळेपण लोकांनीच आखून दिलेलं होतं. टिकली नाही, उपास नाहीत, नाताळला करंज्या-चकल्यांची ताटं गल्लीभर आम्ही वाटायची, दिवाळीला ती भरून परत यायची. शिवाय "तुमच्यात तर दारू चालते ना?" हे हमखास, हिंदी सिनेमाची कृपा. मिशनच्या शिस्तीतल्या आमच्या घरच्यांच्या वाट्याला द्राक्षाचा रस तेवढा यायचा, तोही चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला. इथे वॉर्डाच्या नाताळ पार्टीत गरम वाइन नको म्हटलं तर सगळे समजुतीने मान हलवतात, हिंदू असेल नाहीतर मुस्लिम. सांगून सांगून थकले, आता सांगत नाही.

बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायातलं, जगाच्या साच्यात बसू नका असं बजावणारं वचन आमच्या पाळकसाहेबांचं आवडतं. त्यावर ते तासभर बोलत आणि उदाहरणं सिनेमा, फॅशन आणि मोबाइलची देत. माझ्या वाट्याला उदाहरण आलं ते पाण्याच्या ग्लासाचं.

आमचा वॉर्ड वृद्धांचा. म्हाताऱ्या माणसांना तहान समजत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खाटेपाशी एक तक्ता, किती वाजता किती मिली पाणी प्यायलं. दिवसाला दीड लिटरच्या आसपास भरावं अशी अपेक्षा. आता तीस खाटा आणि आम्ही तिघी. ग्लास भरून ठेवायचा, पुढे जायचं आणि पाळी संपताना सगळ्या तक्त्यांवर एकदम लिहायचं, 200, 200, 200. ग्लास तिथे तसाच भरलेला. मी आल्यावर हेच पाहिलं आणि, लपवत नाही, पहिले दोन महिने मीही 200च लिहिलं. नवीन माणूस, भाषा कच्ची, कोण वाकड्यात शिरेल? मग एका रात्रपाळीला एका आजींच्या तक्त्यावर 1400 चा आकडा बघून मी त्यांना झोपू दिलं. पहाटे तोंड धुवायला गेले तर जीभ चामड्यासारखी आणि हाताची कातडी चिमटीत धरली तशीच उभी राहिली. सलाइन लावलं, दोन दिवसांत त्या बऱ्या झाल्या. ते 1400 कोणी लिहिलं होतं ते मी शोधलं नाही. त्यात दुपारचे 400 माझ्याच अक्षरात होते.

तेव्हापासून जे प्यायलं ते लिहिते. 80. 50. "नको म्हणाल्या." माझे तक्ते गरीब दिसतात. पुढच्या पाळीला जास्त काम पडतं, डॉक्टर प्रश्न विचारतात. एकीने तोंडावर सांगितलं, "तुझ्यामुळे आम्ही सगळ्या आळशी दिसतो." नंतर काही आठवडे जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. पण इथेच कबूल केलं पाहिजे, की वॉर्डात माझ्याआधीपासून खरे आकडे लिहिणारी एक नर्स होती. सव्वीस वर्षांची, मानेपर्यंत गोंदवलेली, देवाबिवाच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी. मी तिला विचारलं, तू का लिहितेस खरं? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू प्रश्नच समजला नाही. म्हणाली, "कारण त्यांना तहान लागलेली असते." पाळकसाहेबांचं तासाभराचं प्रवचन एकीकडे.

इथल्या आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी वीस-पंचवीस माणसं असतात, बहुतेक सत्तरीपुढची. त्यातल्या एक आजी माझ्या शेजारी बसतात, आता ऐंशीच्या घरात आहेत. पूर्व जर्मनीत 1950च्या दशकाच्या मध्यापासून चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी सोहळा असे, युगेंडवाइहे नावाचा. त्यात समाजवादी राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायची. चर्चमधल्या दृढीकरणाला, म्हणजे पोरांनी आपला विश्वास जाहीर कबूल करायच्या विधीला, पर्याय म्हणूनच तो आणलेला. आजींनी शपथ घेतली नाही, दृढीकरण घेतलं. पुढच्या शाळेत त्यांना जागा मिळाली नाही, त्यामुळे विद्यापीठाचा रस्ता बंद. डॉक्टर व्हायचं होतं, नर्स झाल्या. 30 मे 1968 ला राजवटीने इथलं जुनं विद्यापीठ चर्च सुरुंग लावून पाडलं, तेव्हा त्या दूरवर गर्दीत उभ्या होत्या. 1989 मध्ये ज्यातून राजवटीविरुद्धचे मोर्चे निघाले त्या निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनांबद्दल मी विचारलं तर हात झटकला, "सगळे तेच विचारतात. तेव्हा हजारो लोक होते, तेव्हा सोपं होतं. वर्गात एकटं बसायचं ते अवघड." मी माझ्या 45 युरोंचा विषय त्यांच्यापुढे काढला नाही.

एकटं बसायचं ते अवघड, हे ऐकलं आणि मला मोदक आठवले. आमच्या गल्लीत दहा दिवस गणपती. आमच्या घरात दरवर्षी त्यावरून वाद. आजीचं म्हणणं, मूर्तीपुढचं खायचं नाही. बाबा करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय काढून बसायचे, मूर्ती काहीच नाही, मग अन्न बिघडतं कसं? आजी त्याच अध्यायाच्या शेवटी बोट ठेवायची, आणि दुर्बळ भावाला ठेच लागली तर? हा वाद चालू असताना शेजारच्या काकू मागच्या दाराने डबा घेऊन यायच्या. "आजी, नैवेद्य दाखवायच्या आधीच काढून ठेवले तुमचे. पोट्ट्यांना खाऊ द्या." पंधरा वर्षं त्यांनी हे केलं. ना अध्याय वाचला, ना कधी बोलून दाखवलं.

यंदा सप्टेंबरात इथल्या मराठी लोकांनी एका घरी गणपती बसवला. मला बोलावणं होतं. गेले, पण आरती सुरू झाली तशी स्वयंपाकघरात शिरून भांडी विसळायला लागले. माझी जुनी युक्ती. यजमानीण बाई नगरच्या, पहिल्यांदाच भेटत होत्या. आरतीला जाता जाता त्या थांबल्या, माझ्या गळ्यातल्या साखळीतला क्रूस पाहिला आणि फ्रीजवरची ताटली काढून ओट्यावर ठेवली. "आमच्या वाड्यात समोरच ख्रिस्ती बिऱ्हाड होतं," त्या म्हणाल्या. "हे नैवेद्याआधीचे आहेत. चालतील ना?"

मोदक जरा फुटले होते, इथल्या तांदळाच्या पिठीला चिकटपणा नसतो. सारण बाहेर आलं होतं. आरती संपेपर्यंत मी चार खाल्ले.