मोगऱ्याला कळी आली!

सकाळी सहालाच आईला पुण्याला फोन लावला. "अगं, तुझ्या मोगऱ्याला कळ्या आल्यात!" ती म्हणाली, "तो अजून हाय व्हय?"

हाय तर! दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापूर भागातल्या आमच्या बंद घराचं फाटक उघडलं तेव्हा अंगणात कमरेएवढं गाजरगवत होतं. हातमोजे न घालता उपटायला गेलो आणि आठवडाभर हात खाजवत बसलो. त्याला फुलं यायच्या आधीच उपटायचं असतं, एकेका झाडाला हजारो बिया धरतात. हे कळेपर्यंत एक पावसाळा वाया गेला. हराळी तर त्याहून चिवट. वरून कापून उपयोग नाही, काळ्या मातीतून एकेक काशी (जमिनीखालचा मुळासारखा धागा) ओढून काढावी लागते, बोटभर राहिली तरी पुन्हा हजर!

मागचा उन्हाळा वाईट गेला. पारा ४० च्या वर, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी. भांडी विसळलेलं पाणी आणि कडुनिंबाचा पाचोळा यांवर झाडं तगवली. दोन जास्वंदी गेल्याच.

जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत मोगरा निम्मा छाटला. बायको म्हणाली, "मारलात की हो त्याला!"

आज मोजल्या. अकरा कळ्या.