कोकम तेलाचं क्रीम घरी करताना

नाशिकच्या थंडीत माझ्या टाचांना भेगा पडतात आणि भांडी घासून घासून हात पांढरे होतात. यावर घरचंच काही करून लावायचं ठरवलं, तेव्हा हाताशी होतं कोकम तेल. कुडाळची आत्या दरवर्षी त्याचे गोळे पाठवते. कोकमाच्या बिया वाळवून फोडायच्या, आतला गर वाटून पाण्यात उकळायचा, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं आणि थिजू लागलं की मुठीत वळायचं. तिकडे त्याला भिरंडेल म्हणतात. रात्री थोडं वितळवून भेगांमध्ये भरलं की फार आराम पडतो. पण हाताला चोळायला ते कडक, पसरतच नाही.

ते मऊ करायला आधी खोबरेल घातलं. जानेवारीत डबी छान जमली, एप्रिलमध्ये मात्र पातळ झाली, कारण खोबरेल 24 अंशांच्या आसपासच वितळतं. मग घाण्याचं, न भाजलेल्या तिळाचं तेल घेतलं आणि घट्टपणासाठी मधमाश्यांचं मेण. मेण वितळायला 62 ते 64 अंश लागतात, त्यामुळे उन्हाळ्यातही डबी टिकते. फिरत फिरत प्रमाण ठरलं: 60 ग्रॅम तीळतेल, 30 ग्रॅम कोकम तेल, 10 ग्रॅम मेण. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात वाटी बसवायची, आधी मेण, मग तेल, शेवटी कोकम.

खरं कसब निववण्यात आहे. मिश्रण ओट्यावर आपोआप गार होऊ दिलं की कोकम तेल दाणे धरतं. तूप रवाळ आवडतं, पण हाताला ते कण टोचतात. म्हणून वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवते आणि चमच्याने सारखी ढवळत राहते. कडा धुरकट होऊन चमच्यामागे रेघ उमटू लागली की लगेच डबीत ओतायचं. असा बाम बोटाला लागताच विरघळतो.

चेहऱ्याला मात्र हे जड वाटायचं. त्यासाठी पाणी हवं, आणि पाणी आलं की सगळं गणितच बदलतं. कुंडीतली कोरफड कापून पिवळा चीक निथळू दिला, गर गुलाबपाण्यात फेटून तेलात घातला. थोड्याच वेळात तेल आणि पाणी वेगळं. नुसतं मेण त्यांना धरून ठेवत नाही, तेल-पाणी एकजीव करणारं इमल्सिफाइंग वॅक्स लागतं. ते तेलात घालून, तेलाचं आणि पाण्याचं अशी दोन्ही भांडी 70 अंशांपर्यंत तापवून एकत्र केली आणि गार होईपर्यंत फेटली, तेव्हा कुठे पांढरंशुभ्र क्रीम झालं. फ्रिजमध्ये ठेवूनही काही दिवसांत त्याला आंबूस वास आला. व्हिटॅमिन ई घातलं की क्रीम टिकतं असं पुष्कळजण सांगतात, पण ते तेल खवट होण्यापासून वाचवतं, जंतू आणि बुरशी रोखत नाही. आता मी ताज्या कोरफडीऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेते आणि क्रीम कोमट झाल्यावर फेनॉक्सिइथेनॉल असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह पाकिटावरच्या प्रमाणात मोजून घालते. ‘घरगुती’ म्हणवून घेण्यासाठी बुरशी आलेलं क्रीम तोंडाला लावण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

लिंबाचा रस घालायचा सल्लाही खूप मिळतो. तो मी मानत नाही. त्वचा मुळात किंचितच आम्लधर्मी, सामू (pH) साधारण 5. लिंबाचा सामू 2 च्या आसपास, म्हणजे कितीतरी जास्त आम्लधर्मी. शिवाय रस लावून उन्हात गेलं तर काहींच्या कातडीवर फोड येऊन काळे डाग पडतात.

नवीन काहीही केलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबते. मैत्रिणींना देते तो फक्त बाम, डबीवर तारीख लिहून. क्रीम कुणाला देत नाही, कारण घरी केलेल्या पाण्याच्या क्रीममध्ये आत काही वाढतंय का, हे नुसतं पाहून मला कळत नाही.