जमिनीलगतचा एक झेल

पायचीतचे अपील मी फेटाळले, तर गोलंदाज कपाळाला हात लावतो, यष्टिरक्षक काहीतरी पुटपुटतो आणि पुढचा चेंडू टाकला जातो. चेंडू यष्टींवर गेला असता की नाही हा शेवटी अंदाजाचा भाग आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि त्या अंदाजात कोणाच्याही प्रामाणिकपणाचा प्रश्न येत नाही. जमिनीलगत पकडलेल्या झेलाचे तसे नसते. क्षेत्ररक्षक 'मी झेल पकडला' असे छातीठोकपणे सांगत असतो, फलंदाज 'आधी टप्पा पडला' म्हणत जागचा हलत नाही, आणि पंचाने कोणताही निर्णय दिला तरी दोघांपैकी एकाला भर मैदानात आपल्याला खोटे ठरवले असे वाटते. क्लब पातळीवरच्या साखळी स्पर्धांत पंच म्हणून काम करताना मी पाहिलेली मोठी भांडणे बहुतेक याच कारणाने पेटलेली आहेत. त्यांतले एक प्रकरण चौकशी समितीपर्यंत गेले, म्हणून ते सविस्तर लिहितो.

सामना दोन दिवसांचा होता आणि दोन्ही संघ एकमेकांचे जुने प्रतिस्पर्धी होते. आदल्या हंगामात एका संघाचा सलामीवीर बॅटची कड लागूनही खेळपट्टीवर उभा राहिला आणि नाबाद ठरला, असा दुसऱ्या संघाचा ठाम समज होता; त्यामुळे या वेळी नाणेफेकीलाच दोन्ही कर्णधारांचे बोलणे कामापुरते चालले होते. शेवटच्या डावात पाठलाग करणाऱ्या संघाला ३१ धावा हव्या होत्या, ३ गडी शिल्लक होते आणि त्यांचा कर्णधार अर्धशतक ओलांडून खेळत होता. तो बाद झाला असता तर सामना तिथेच संपल्यात जमा होता.

मी गोलंदाजाच्या टोकाला उभा होतो. उजव्या हाताच्या ऑफस्पिनरने चेंडूला थोडी उंची दिली, फलंदाज दोन पावले पुढे सरसावला आणि त्याने ड्राइव्ह मारला. चेंडू हवेत, पण गुडघ्याच्याही खाली, शॉर्ट एक्स्ट्रा कव्हरकडे गेला. तिथल्या तरुण क्षेत्ररक्षकाने पुढे सूर मारला, दोन्ही हात चेंडूखाली घातले आणि लोळण घेत चेंडू उंचावला. नेमक्या त्या क्षणी गोलंदाज चेंडू अडवण्यासाठी माझ्या डावीकडे झेपावला होता, त्यामुळे मला क्षेत्ररक्षकाचे खांदे दिसले, उंचावलेला चेंडू दिसला, परंतु चेंडू हातात विसावला ती जागा गोलंदाजाच्या पाठीआड गेली. अपील झाले. फलंदाज उभाच राहिला.

अशा वेळी काय करायचे याबाबत नियमांत संदिग्धता नाही. झेलाच्या अपिलावर निर्णय गोलंदाजाच्या टोकाकडील पंचाने द्यायचा. मात्र एखादी गोष्ट सहकाऱ्याला अधिक चांगली दिसली असण्याची शक्यता असेल, तर त्याला विचारायचे. आणि विचारूनही शंका उरली तर निर्णय नाबाद. मी स्क्वेअर लेगकडे, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला उभ्या असलेल्या सहकारी पंचांकडे चालत गेलो. ते अनुभवी पंच होते आणि उगाच ठाम बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "चेंडू हातात गेला ते दिसलं," ते म्हणाले, "पण फलंदाज पुढे आला होता, त्याचे पॅड मध्ये आले. बोटं चेंडूखाली होती का, ते मला सांगता येणार नाही." मी परत येऊन 'नाबाद' असे सांगितले.

पुढचे काही क्षण फार कटू होते. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कर्णधार माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, आमचा मुलगा शपथेवर सांगतोय. त्याच्या शब्दाला काहीच किंमत नाही का?" मी त्याला सांगितले की त्याच्या शब्दाबद्दल मी काहीही म्हटलेले नाही, आम्हा दोघा पंचांना झेल पूर्ण दिसलेला नाही आणि न दिसलेल्या गोष्टीवर मला बोट वर करता येत नाही. त्याचे समाधान झाले नाही. दोन खेळाडू गवतावर बसले, एकाने टोपी आपटली, आणि कर्णधाराने संघाला सीमारेषेकडे चलण्याची खूण केली. आम्ही 'टाइम' पुकारून खेळ थांबवला, पंचाच्या निर्णयाविरुद्ध नाराजी दाखवल्याबद्दल संघाला पहिली आणि अंतिम ताकीद दिली, ती फलंदाजाच्या कानावर घातली, आणि पुन्हा असे घडल्यास समोरच्या संघाला ५ दंडात्मक धावा मिळतील हेही स्पष्ट केले. संघ खेळण्यास नकार देऊन मैदानाबाहेर गेला तर सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल करावा लागेल, हे ऐकल्यावर तो कर्णधार थांबला. खेळ सुरू झाला, नाबाद राहिलेल्या फलंदाजाने उरलेल्या धावांपैकी बहुतेक स्वतःच काढल्या आणि त्याच्या संघाने २ गडी राखून सामना जिंकला. शेवटी हस्तांदोलन झाले नाही.

दोन्ही क्लबांनी तक्रारी केल्या. हरलेल्यांनी निर्णयाविरुद्ध आणि फलंदाजाच्या अखिलाडू वागण्याविरुद्ध, तर जिंकलेल्यांनी खोट्या अपिलाविरुद्ध. समितीपुढे दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून सादर केली ती सीमारेषेवरून मोबाइलवर घेतलेली एकच चित्रफीत. एका बाजूला तिच्यात चेंडूखाली बोटे दिसत होती, दुसऱ्या बाजूला त्याच चौकटीत चेंडू गवताला टेकलेला दिसत होता, आणि माझ्या मते दोघेही जे दिसत होते तेच सांगत होते.

समितीने मला त्या चित्रफितीबद्दल विचारले तेव्हा मी दोन गोष्टी मांडल्या. लांबून झूम करून घेतलेल्या चित्रात खोली चपटी होते. चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर असलेले गवत चेंडूला चिकटल्यासारखे दिसते आणि चेंडूखालची बोटे त्याच गवतात हरवतात. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर असे झेल अनेकदा संशयास्पद वाटतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरी गोष्ट हिशोबाची आहे. साधारण मोबाइल सेकंदाला ३० चौकटी टिपतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारा चेंडू सेकंदाला २० मीटर कापतो, म्हणजे दोन चौकटींच्या मध्ये तो ६५ सेंटिमीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. ज्या क्षणावरून भांडण आहे तो क्षण त्या चित्रफितीत मुळात टिपलेला नसण्याचीच शक्यता अधिक होती.

समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मध्येच मुद्दा काढला की हात जमिनीला लागले होते हे तर स्पष्टच आहे, मग झेल वैध कसा? हा गैरसमज चांगल्या जाणकारांतही आढळतो. चेंडू हातात असेल तर तो हात जमिनीला टेकला म्हणून झेल अवैध ठरत नाही. चेंडू जमिनीला लागता कामा नये, आणि झेल पूर्ण होण्यासाठी क्षेत्ररक्षकाचा चेंडूवर आणि स्वतःच्या शरीराच्या हालचालीवर पूर्ण ताबा आलेला असावा लागतो. २०२३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये हे दोन्ही प्रश्न काही आठवड्यांच्या अंतराने उभे राहिले. ओव्हलवरील कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात भारत ४४४ धावांचा पाठलाग करत असताना ऑस्ट्रेलियाच्या कॅमरून ग्रीनने शुभमन गिलचा झेल घेतला. प्रश्न होता तो बोटे चेंडूखाली होती का, आणि तिसऱ्या पंचांनी गिलला बाद ठरवले. त्यानंतर लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या मिचेल स्टार्कने इंग्लंडच्या बेन डकेटचा झेल हातात स्पष्टपणे घेतला होता, परंतु घसरत जाताना शरीरावर ताबा येण्यापूर्वी त्याने चेंडू जमिनीवर घासला, म्हणून डकेट नाबाद ठरला. पहिल्या निर्णयावर भारतीय प्रेक्षक चिडले, दुसऱ्यावर ऑस्ट्रेलियन. गिलने त्या झेलाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले आणि त्याला मानधनाच्या १५ टक्के दंड झाला. इतके कॅमेरे लावूनही जिथे एकमत होत नाही, तिथे आम्हा दोन पंचांच्या चार डोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवायची, हे मी समितीला विचारले नाही, पण ते मनात आले.

चौकशीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो त्या तरुण क्षेत्ररक्षकाचा प्रश्न. तो तोवर गप्प बसला होता. त्याने विचारले, "सर, तुम्हाला मी खोटं बोललो असं वाटतं का?" मी नाही म्हटले, आणि ते त्याला बरे वाटावे म्हणून म्हटलेले नव्हते. पुढे सूर मारताना खेळाडूची नजर शेवटच्या क्षणी चेंडूवर राहतेच असे नाही. चेंडू बोटांवर पडला की बोटे आणि जमीन यांच्या बेचक्यात पडला, हे हाताला जवळजवळ सारखेच जाणवते. झेल पकडल्याची त्याची खात्री खरी असू शकते आणि तरीही चेंडू जमिनीला लागलेला असू शकतो. तसेच, समोरून पाहणाऱ्या फलंदाजाला टप्पा दिसल्याचे वाटणेही खरे असू शकते. 'नाबाद' या निर्णयाचा अर्थ एवढाच की पंचांना खात्री पटली नाही. तो त्या मुलाच्या चारित्र्याचा दाखला नव्हता. मैदानावर हे समजावून सांगायला वेळ नसतो, आणि माझ्या मते अर्धी भांडणे तिथेच जन्मतात.

जाणूनबुजून केलेला खोटा दावा ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिची शिक्षाही वेगळी असते. २००३ मध्ये मुलतान कसोटीत पाकिस्तानचा कर्णधार आणि यष्टिरक्षक रशीद लतीफ याने बांगलादेशच्या आलोक कपालीचा सुटलेला झेल पकडल्याचा दावा केला, तेव्हा सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्याच्यावर पाच एकदिवसीय सामन्यांची बंदी घातली होती. परंतु तसा आरोप करायला चेंडू सुटल्याचे स्पष्ट दिसावे लागते. आमच्या प्रकरणात तसे काहीही नव्हते, आणि जिंकलेल्या क्लबाने आपल्या तक्रारीत वापरलेला 'फसवणूक' हा शब्द मागे घ्यावा असे मी तिथेच सुचवले.

मग एका सदस्यांनी तोडगा मांडला की पुढील हंगामापासून दोन्ही कर्णधारांनी आधीच ठरवून घ्यावे की झेलाबाबत क्षेत्ररक्षकाचा शब्द अंतिम मानला जाईल. सद्भावनेचा हा प्रस्ताव ऐकायला गोड होता आणि दोन्ही क्लबांच्या प्रतिनिधींनी माना डोलावल्याही. मी मात्र विरोध केला. २००८ च्या जानेवारीतील सिडनी कसोटीत भारताचा कर्णधार अनिल कुंबळे आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पॉन्टिंग यांच्यात नेमका असाच समझोता होता. दुसऱ्या डावात स्लिपमध्ये मायकेल क्लार्कने सौरव गांगुलीचा झेल घेतला, चेंडू जमिनीला लागला की नाही याबद्दल गांगुलीला शंका होती, आणि पंच मार्क बेन्सन यांनी पॉन्टिंगला विचारले. पॉन्टिंगने बोट वर केले आणि गांगुली बाद झाला. त्या सामन्यातील बाकीच्या कटुतेत या झेलाने भर घातली आणि मालिकेच्या पुढच्या भागात तो समझोता टिकला नाही. एकमेकांवर विश्वास असलेल्या संघांना असा करार लागत नाही, आणि नसलेल्यांमध्ये तो पहिल्याच कठीण झेलाला मोडतो. शिवाय त्याने सारा भार एकट्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर येतो. सामना हातातून जात असताना, दहा सहकारी आनंदाने अंगावर झेपावत असताना, 'मला नक्की सांगता येत नाही' असे म्हणण्याची अपेक्षा विशीतल्या मुलाकडून करणे मला रास्त वाटत नाही.

हरलेल्या संघाच्या कर्णधाराने तेव्हा गुंडाप्पा विश्वनाथ यांचे उदाहरण दिले. १९८० साली मुंबईत झालेल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचा बॉब टेलर यष्टींमागे झेलबाद ठरला होता. भारताचे कर्णधार विश्वनाथ यांनी त्याला परत बोलावले. हे उदाहरण भाषणांत नेहमी येते. त्यानंतर टेलर आणि इयन बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना १० गड्यांनी हरला, हे मात्र त्यातून अनेकदा गळते. त्या कर्णधाराला मी इतकेच म्हणालो की विश्वनाथ यांनी स्वतःचे अपील मागे घेतले होते. समोरच्या फलंदाजाने आपण होऊन निघून जावे अशी मागणी केली नव्हती.

समितीने पंचांचा निर्णय कायम ठेवला, क्षेत्ररक्षकाविरुद्ध कोणताही ठपका ठेवला नाही, संघाला बाहेर नेण्याची खूण केल्याबद्दल कर्णधाराला लेखी समज दिली आणि शब्द अंतिम मानण्याचा प्रस्ताव बाजूला ठेवला. चित्रफीत पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असाही एक ठराव झाला.

पुढच्या हंगामात याच दोन संघांच्या सामन्यावर माझी पुन्हा नेमणूक झाली. नाणेफेकीपूर्वी तोच कर्णधार बाजूला घेऊन विचारू लागला की त्याच्या क्षेत्ररक्षकालाच खात्री नसेल तर काय करायचे. मी सांगितले की अपील केल्याशिवाय पंच कोणालाही बाद देत नाही, त्यामुळे खात्री नसेल तर अपील करूच नये. आणि ओघात अपील होऊन फलंदाज बाद ठरलाच, तर पुढचा चेंडू खेळात येण्यापूर्वी माझ्या संमतीने कर्णधाराला ते मागे घेता येते. त्याने आपल्या खेळाडूंना गोळा करून हे जवळजवळ शब्दशः ऐकवले, आणि शेजारी उभा असलेला दुसरा कर्णधारही ते लक्षपूर्वक ऐकत होता. त्या सामन्यात जमिनीलगतचा झेल मात्र एकही आला नाही; दोन्ही संघ भांडले ते एका धावबादावरून.